टेरी प्रॅचेट आणि डिस्कवर्ल्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) या इंग्रज लेखकाच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. नवा वाचक हा ढीग बघूनच बिचकतो, आणि ज्याला एकदा गोडी लागली त्याचे प्रश्न वेगळेच असतात. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. कथानकातले मोठे धक्के शक्यतो फोडलेले नाहीत.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं?

‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९). दुसरं काही कानावर आलं नसेल तर डोळे मिटून हेच घ्या.

कारण साधं आहे. मालिकेचं काळीज म्हणजे आंख-मोरपोर्क हे शहर, आणि या पुस्तकात ते शहर आपल्याला एका नवख्याच्या नजरेतून दिसतं. कॅरट हा बुटक्यांच्या खाणीत वाढलेला सहा फुटांवरचा तरुण रात्रपहाऱ्यात भरती व्हायला येतो. त्याने कायद्याचं जुनं पुस्तक तोंडपाठ केलंय आणि त्यातला शब्दन् शब्द तो खरा मानतो. या शहरात चोरांचा रीतसर संघ आहे, त्याला वर्षाचा चोऱ्यांचा कोटा ठरवून दिलेला आहे आणि चोरी झाली की पावती मिळते. कॅरट येतो आणि थेट त्या संघाच्या अध्यक्षालाच अटक करतो. शहर कसं चालतं आणि कसं चालायला हवं, हे दोन्ही त्या एका अटकेत कळतं. शिवाय पहाऱ्याचा कॅप्टन सॅम वाइम्स इथे दारूच्या नशेत गटारात पडलेला भेटतो. पुढच्या सात पुस्तकांत तो कुठून कुठे जातो हे पाहायचं असेल, तर त्याला या गटारात पाहिलेलं असणं गरजेचं आहे.

हे पुस्तक सत्तरेक पानांत पकड घेत नसेल तर रेटत बसू नका, दुसरं दार उघडा. तत्त्वज्ञान आणि धर्म यांत रस असेल तर ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२), जे पूर्णपणे स्वतंत्र आहे. थोडक्यात आटोपणारी, सरळ गोष्ट हवी असेल तर ‘मॉर्ट’ (१९८७). फँटसीशी फारसा संबंधच आलेला नसेल तर ‘गोइंग पोस्टल’ (२००४): फाशीच्या दोरापासून वाचवलेल्या एका ठगाला बंद पडलेलं टपालखातं चालवायला देतात.

मग १९८३ पासून क्रमाने का वाचू नये?

वाचता येतं, पण बरेच जण तिथेच गळतात. ‘द कलर ऑफ मॅजिक’ (१९८३) हे त्या काळच्या तलवारी आणि जादूच्या कथांचं विडंबन आहे. ज्या कथांची खिल्ली उडवली आहे त्या वाचलेल्या नसतील तर अर्धी गंमत हातातून निसटते. पुस्तकही एकसंध नाही. चार कथांची साखळी आहे आणि शेवट अधांतरी सुटतो, पुढचा भाग ‘द लाइट फँटॅस्टिक’मध्ये (१९८६) येतो. माणसांकडे निरखून पाहणारे प्रॅचेट ‘मॉर्ट’च्या सुमारास लिहायला लागले. तोवर पात्रं प्रामुख्याने विनोदासाठी धावपळ करत होती.

क्रमाचाच आग्रह असेल तर पहिल्या तीन पुस्तकांना सवलत द्या आणि मालिकेचा अंदाज त्यांच्यावरून बांधू नका.

उपमालिका कोणत्या आणि त्यांचा आपापसांत क्रम किती महत्त्वाचा?

पहाऱ्याच्या मालिकेत क्रम अगदी काटेकोर पाळा, कारण माणसांच्या बढत्या, लग्नं, मुलं, मरणं सगळं पुढे सरकत जातं: ‘गार्ड्स! गार्ड्स!’, ‘मेन ॲट आर्म्स’ (१९९३), ‘फीट ऑफ क्ले’ (१९९६), ‘जिंगो’ (१९९७), ‘द फिफ्थ एलिफंट’ (१९९९), ‘नाइट वॉच’ (२००२), ‘थड!’ (२००५), ‘स्नफ’ (२०११). ‘नाइट वॉच’ची तारीफ ऐकून लोक थेट तेच उघडतात. तसं करू नका. त्यात वाइम्स तीस वर्षं मागच्या आपल्याच शहरात जाऊन पडतो आणि तरुणपणीच्या स्वतःला घडवायची जबाबदारी त्याच्यावर येते. आजचा वाइम्स कोण आहे आणि परत जाण्यासाठी त्याच्याकडे काय आहे, हे ठाऊक नसेल तर पुस्तक वाचून होतं, पण लागत नाही.

चेटकिणींची मालिका ‘विर्ड सिस्टर्स’पासून (१९८८) धरा. ‘इक्वल राइट्स’मध्ये (१९८७) ग्रॅनी वेदरवॅक्स आहे, पण ती अजून पुरती घडलेली नाही. पुढे ‘विचेस अब्रॉड’, ‘लॉर्ड्स अँड लेडीज’, ‘मास्करेड’, ‘कार्पे जुगुलम’. मृत्यू हेच पात्र असलेली पुस्तकं: ‘मॉर्ट’, ‘रीपर मॅन’, ‘सोल म्युझिक’, ‘हॉगफादर’, ‘थीफ ऑफ टाइम’. यांत ‘सोल म्युझिक’ ‘हॉगफादर’च्या आधी वाचलंच पाहिजे, मृत्यूची नात सुझन तिथेच पहिल्यांदा भेटते. भित्रा जादूगार रिन्सविंडची आठ पुस्तकं सगळ्यात सैल बांधणीची आहेत, त्यात मागेपुढे झालं तरी फारसं बिघडत नाही. टपालखातं चालवणारा ठग मॉइस्ट वॉन लिपविग, त्याची तीन: ‘गोइंग पोस्टल’, ‘मेकिंग मनी’, ‘रेझिंग स्टीम’. टिफनी एकिंग या छोट्या चेटकिणीची पाच, त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

सुट्या पुस्तकांत दोन सूचना. ‘द ट्रुथ’ (२०००) हे शहरातल्या पहिल्या वृत्तपत्राबद्दल आहे आणि त्यात वाइम्स बाहेरून, एका वार्ताहराच्या नजरेतून दिसतो: चिडका, संशयी, अडवणूक करणारा. पहाऱ्याची दोन-तीन पुस्तकं आधी झालेली असतील तर ही नजर फार मजा देते. आणि ‘मॉन्स्ट्रस रेजिमेंट’ (२००३) घेतलंत तर मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नका. त्याबद्दल जितकं कमी ठाऊक तितकं चांगलं.

या जगाचा भूगोल लक्षात ठेवावा लागतो का?

फार थोडा. ताटासारखं सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती ग्रेट आ’तुइन नावाच्या अवाढव्य कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशात पोहतंय. जगाचा भार कासवाने किंवा हत्तींनी पेलल्याच्या कल्पना जगातल्या बऱ्याच पुराणांत आहेत. प्रॅचेट यांनी ती अक्षरशः खरी मानली आणि मग विचारलं, अशा जगात दिशा कशा सांगतील? म्हणून तिथे उत्तर-दक्षिण नाही. केंद्राकडे, काठाकडे, फिरण्याच्या दिशेने आणि फिरण्याच्या उलट, अशा चार दिशा. आठवा रंग ऑक्टरीन हा जादूचा रंग. एवढं पुरे. नकाशे निघाले आहेत आणि सुरेख आहेत, पण वाचनासाठी त्यांची गरज नाही.

पुस्तकांना प्रकरणंच नाहीत. थांबायचं कुठे?

प्रसंग बदलतो तिथे एक ओळ मोकळी सोडलेली असते, तिथे थांबा. मुद्दा असा की हे प्रसंग फार छोटे असतात, कधी अर्ध्या पानाचे, आणि तीन-चार धागे आलटून पालटून येतात. रोज पाच पानं वाचली तर मागचा धागा हातातून सुटतो. एका बैठकीत तीस-चाळीस पानं झाली तरच कापड विणलं जाताना दिसतं. टिफनीची पुस्तकं, ‘द अमेझिंग मॉरिस अँड हिज एज्युकेटेड रोडंट्स’ आणि ‘गोइंग पोस्टल’ यांना मात्र प्रकरणं आहेत. तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

तळटीपा सोडल्या तर चालतील?

नाही. त्या संदर्भासाठी नाहीत, विनोदाचा दुसरा ठोका तिथे बसतो. कागदी पुस्तकात नजर खाली टाकून परत वर येते, फार तर दोन सेकंद. काही जुन्या ई-पुस्तकांत सगळ्या टीपा पुस्तकाच्या शेवटी नेऊन टाकल्या आहेत, आणि तिकडे जाऊन परत येईपर्यंत ठोका चुकतो. ई-पुस्तक विकत घेण्याआधी नमुना प्रकरण उतरवून घ्या आणि एक टीप दाबून पाहा. ती त्याच पानावर छोट्या चौकटीत उघडली तर घ्या. ‘द लास्ट हिरो’ (२००१) मात्र कागदावरच, मोठ्या आकारात घ्या. पॉल किडबी यांची चित्रं तिथे गोष्टीचा निम्मा भार वाहतात.

विनोद डोक्यावरून जातात. इंग्रजी कमी पडतंय का?

बहुतेक वेळा भाषा कमी पडत नाही, वाचनाचा वेग जास्त होतो. प्रॅचेट यांचा विनोद कोटीत थोडा आणि तर्कात जास्त असतो. ‘गार्ड्स! गार्ड्स!’मधला ड्रॅगनवर बाण मारण्याचा प्रसंग घ्या. पहारेकऱ्यांना पक्कं ठाऊक आहे की दहा लाखांत एक शक्यता असलेली गोष्ट दहापैकी नऊ वेळा घडते, सगळ्या कथांत तसंच असतं. मग त्यांना भीती वाटते, आपली शक्यता नेमकी दहा लाखांत एक नसली तर? नऊशे नव्व्याण्णव हजारांत एक असली तर ती कधीच घडणार नाही! म्हणून ते नेमबाजाला एका पायावर उभं करतात, नेम आणखी कठीण करून आकडा जुळवू पाहतात. यात एकही अवघड शब्द नाही. फक्त ते लोक किती मन लावून हिशेब करतायत हे सावकाश वाचावं लागतं.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक, ब्रिटिश संदर्भ: जुन्या जाहिराती, नाट्यगृहांतल्या रीती, बालगीतं. यासाठी चाहत्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली ‘ॲनोटेटेड प्रॅचेट फाइल’ आहे, पुस्तकवार आणि पानवार टिपणांची. ती पुस्तक संपल्यावर उघडा. वाचताना समोर ठेवली तर गोष्टीचा वेग मरतो. दोन, नॅक मॅक फीगल या निळ्या चिमुकल्या लढवय्यांची स्कॉटिश वळणाची बोली. ती डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने उच्चारा. नव्वद टक्के शब्द कानाला कळतात. उरलेल्यांसाठी काही आवृत्त्यांत छोटा शब्दकोश जोडलेला आहे.

मृत्यू हे पात्र सगळ्यांचं इतकं लाडकं का?

तो क्रूर नाही म्हणून. हाडांचा सापळा, हातात विळा, पांढऱ्या घोड्याचं नाव मात्र बिंकी. त्याला मांजरं आवडतात आणि माणसांबद्दल अपार कुतूहल आहे. तो मारत नाही, वेळ झाली की हजर होतो. त्याचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय, छोट्या आकाराच्या कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं, जणू ते कानाला ऐकूच येत नाही, थेट डोक्यात उमटतं.

‘रीपर मॅन’मध्ये (१९९१) त्याला कामावरून काढून टाकतात आणि तो बिल डोअर या नावाने एका शेतावर मजूर म्हणून राहतो. कापणीला उभा राहतो तेव्हा तो एका वेळी एकच काडी कापतो. इतरांपेक्षा झपाट्याने, पण एक एक करून. विनोद म्हणून वाचलं तरी हसू येतं. पण जरा थांबून पाहिलं तर त्याची सगळी वृत्ती त्या एका कृतीत आहे: त्याच्या लेखी घाऊक काहीच नसतं. ४१ कादंबऱ्यांपैकी ‘द वी फ्री मेन’ आणि ‘स्नफ’ या दोनच कादंबऱ्यांत तो येत नाही.

वाइम्सचा ‘बुटांचा सिद्धांत’ नेमका काय आहे?

‘मेन ॲट आर्म्स’मध्ये तो येतो आणि त्यातले आकडे बरेचदा चुकीचे सांगितले जातात. वाइम्सचा पगार महिना ३८ डॉलर, वर थोडे भत्ते. चामड्याचे खरोखर चांगले बूट ५० डॉलरना मिळतात आणि दहा वर्षं टिकतात. त्याला परवडणारे बूट १० डॉलरचे. ते एखाद-दोन मोसम बरे चालतात, मग आतला पुठ्ठा भिजतो आणि पाणी शिरतं. म्हणजे ज्याच्याजवळ एकदम ५० डॉलर आहेत त्याचे पाय दहा वर्षं कोरडे राहतात. ज्याच्याजवळ नाहीत तो त्याच दहा वर्षांत १०० डॉलर घालवतो, आणि तरीही त्याचे पाय ओलेच.

हा विचार वाइम्सला सुचतो कुठे हेही महत्त्वाचं आहे. शहरातल्या सर्वांत श्रीमंत बाईशी त्याचं लग्न ठरलंय. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या टिकलेलं सामान आहे, तिला विकत काही घ्यावंच लागत नाही. तो स्वतः मात्र झिजलेल्या तळव्यांचे बूट घालत आलाय, इतके पातळ की धुक्याच्या रात्री पायाखालच्या दगडांवरून कोणती गल्ली आहे हे त्याला कळतं. पुढच्या पुस्तकांत हेच ज्ञान कामी येतं. ब्रिटनमध्ये २०२२ साली स्वस्तातल्या जिनसांची महागाई मोजणाऱ्या निर्देशांकाला, प्रॅचेट यांच्या वारसांच्या संमतीने, वाइम्सच्या बुटांचं नाव देण्यात आलं.

प्रॅचेट हे विनोदी लेखक की गंभीर?

ते फार चिडलेले लेखक होते आणि त्या चिडीला त्यांनी विनोदाचं शिस्तबद्ध वळण लावलं, असं आमचं मत आहे. ‘जिंगो’ हे समुद्रातून वर आलेल्या एका निरुपयोगी बेटावरून पेटणाऱ्या युद्धाबद्दल आहे. ‘फीट ऑफ क्ले’मधल्या गोलेमांना, म्हणजे मातीच्या जिवंत पुतळ्यांना, मालकी हक्काखाली राबवतात. ‘स्मॉल गॉड्स’मध्ये प्रचंड मोठ्या धर्माच्या देवाला खरं मानणारा भक्त एकच उरलाय, बाकी सगळे धर्मपीठाच्या धाकाला मानतात, म्हणून तो देव कासव होऊन रांगतोय. ‘कार्पे जुगुलम’मध्ये ग्रॅनी वेदरवॅक्स एका तरुण धर्मोपदेशकाला पापाची व्याख्या ऐकवते: माणसांना वस्तू समजणं. बाकीचं सगळं तिथूनच सुरू होतं असं तिचं म्हणणं. चारही पुस्तकांच्या मुळाशी तेच आहे.

आणि या रागाच्या शेजारी माया आहे. ‘थड!’मध्ये शहर दंगलीच्या काठावर असतानाही वाइम्स रोज संध्याकाळी सहाला घरी पोचतो, आपल्या चिमुकल्या मुलाला हरवलेल्या गाईचं चित्रपुस्तक वाचून दाखवायला. एक दिवस चांगल्या कारणासाठी चुकवलं तर पुढे वाईट कारणासाठीही चुकवू, एवढा त्याचा साधा हिशेब. त्यासाठी शहरातली वाहतूक थांबवली जाते. हा प्रसंग पुस्तकाच्या शेवटाकडे पुन्हा अशा रीतीने येतो की तिथे पोचल्यावर हसावं की रडावं कळत नाही.

त्यांची म्हणून फिरणारी वाक्यं खरी कशी ओळखायची?

तीन गोष्टी तपासा. पुस्तकाचं नाव दिलंय का? ते वाक्य कोणतं पात्र बोलतं? आणि त्या प्रसंगात ते पात्र बरोबर ठरतं का? तिसरी तपासणी लोक विसरतात. शहराचा शासक व्हेटिनारी माणसांच्या वाईटपणाबद्दल जे बोलतो ते छान छापता येतं, पण वाइम्स ते मान्य करत नाही, आणि कादंबरी त्या दोघांच्या मधोमध उभी असते. पुस्तकाचं नावच नसेल तर ई-पुस्तकात वाक्यातले कमी वापरले जाणारे दोन शब्द घेऊन शोधा. पूर्ण वाक्य टाकलं तर एखाद्या स्वल्पविरामाच्या फरकाने ते सापडत नाही. त्यांची स्वतःची मतं हवी असतील तर ‘अ स्लिप ऑफ द कीबोर्ड’ (२०१४) हा लेख-भाषणांचा संग्रह वाचा.

ऑडिओबुक घेताना काय पाहावं?

‘संक्षिप्त’ असा शब्द. टोनी रॉबिन्सन यांनी वाचलेल्या जुन्या आवृत्त्या ऐकायला झकास आहेत, पण कापलेल्या आहेत, आणि कात्री प्रॅचेटना मानवत नाही. संपूर्ण वाचन हवं तर नायजेल प्लेनर आणि स्टीफन ब्रिग्ज यांचं जुनं ध्वनिमुद्रण आहे. २०२२ पासून आलेल्या नव्या संचात तळटीपा बिल नाय वाचतात आणि मृत्यूचा आवाज पीटर सेराफिनोविच यांचा आहे, त्यामुळे कुठे टीप सुरू झाली हे कानाला लगेच कळतं. पहाऱ्याची पुस्तकं जॉन कलशॉ आणि चेटकिणींची इंदिरा वर्मा वाचतात.

मुलांसाठी कोणतं?

‘द वी फ्री मेन’ (२००३). नायिका टिफनी नऊ वर्षांची आहे. तिच्या परीकथांच्या पुस्तकात राक्षसिणीचे डोळे सूपच्या थाळीएवढे असं लिहिलेलं असतं, तर ती घरातली थाळी काढून मोजते: आठ इंच. मग नदीकाठी खरीच राक्षसीण दिसते तेव्हा ती पळत सुटत नाही. मिठाई आणि धाकट्या भावाचं आमिष लावते आणि लोखंडी तवा घेऊन दबा धरून बसते. मुलांना ही मुलगी फार आवडते, कारण ती प्रश्न विचारते आणि उत्तर स्वतः पडताळते.

टिफनी पुस्तकागणिक मोठी होते आणि विषयही तिच्याबरोबर वाढतात. चौथं, ‘आय शाल वेअर मिडनाइट’ (२०१०), सुरुवातीलाच घरातली मारहाण आणि एका कोवळ्या मुलीची झालेली दैना दाखवतं. ते मोठ्यांनी आधी वाचावं आणि मग मुलाच्या हाती कधी द्यायचं ते ठरवावं. ‘द अमेझिंग मॉरिस’ला बालसाहित्यासाठीचं २००१चं कार्नेगी पदक मिळालं. बोलणाऱ्या उंदरांची गोष्ट असली तरी तळघरातले प्रसंग चांगलेच भीतीदायक आहेत.

२५ मे ला चाहते लायलॅकची डहाळी का लावतात?

‘नाइट वॉच’मुळे. त्यातल्या बंडात मेलेल्यांच्या आठवणीत, त्या दिवशी तिथे असलेली माणसं दरवर्षी २५ मे ला जांभळ्या लायलॅकचा तुरा लावतात आणि स्मशानात जमतात. कुणी त्यावर भाषण करत नाही. प्रॅचेट यांच्या आजाराची बातमी आल्यावर चाहत्यांच्या या प्रथेला अल्झायमरबद्दलच्या जागृतीचीही जोड मिळाली. लायलॅक मिळत नसेल तर फिकट जांभळी फीत चालते. त्याच तारखेला खांद्यावर टॉवेल घेतलेली माणसं दिसली तर ती विनोदी विज्ञानकथा लिहिणाऱ्या डग्लस ॲडम्स यांची चाहती आहेत. दोन्ही एकत्र मिरवणारेही पुष्कळ.

‘जीएनयू टेरी प्रॅचेट’ म्हणजे काय आणि ते आपल्या संकेतस्थळावर कसं लावायचं?

‘गोइंग पोस्टल’मध्ये क्लॅक्स नावाची मनोऱ्यांची साखळी आहे, झडपा उघडझाप करून संदेश पाठवणारी. मनोऱ्यावर काम करताना मेलेल्यांची नावं तिथले कर्मचारी संदेशांच्या आधी जोडल्या जाणाऱ्या सांकेतिक भागात घालतात. जी म्हणजे पुढे पाठवा, एन म्हणजे नोंद करू नका, यू म्हणजे साखळीच्या टोकाला पोचलं की परत फिरवा. म्हणून ते नाव मनोऱ्यांवरून अखंड ये-जा करत राहतं. १२ मार्च २०१५ ला प्रॅचेट गेले आणि वाचकांनी हेच इंटरनेटवर केलं. पान मागवल्यावर सर्व्हर जे अदृश्य हेडर पाठवतो त्यांत ‘एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड’ (X-Clacks-Overhead) या नावाचं एक हेडर घालायचं, आणि त्याचं मूल्य ‘जीएनयू टेरी प्रॅचेट’ (GNU Terry Pratchett).

नाव आणि मूल्य दोन्ही रोमन लिपीतच लिहा. हेडरमध्ये देवनागरी अक्षरं टाकली तर ती फुटतात किंवा नाकारली जातात. अपाची सर्व्हर असेल तर हेडर्सचं मॉड्यूल आधी चालू आहे का पाहा. ते बंद असताना एचटीॲक्सेस (.htaccess) फाइलमध्ये ओळ घातलीत तर सगळं संकेतस्थळ ५०० क्रमांकाची चूक दाखवतं. म्हणून ती ओळ ‘मॉड्यूल असेल तरच’ या अटीच्या खुणांमध्ये ठेवा. एनजिनएक्स (nginx) या दुसऱ्या सर्व्हरमध्ये वेगळीच गोम आहे: बाहेरच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये हेडर घातलं आणि आतल्या एखाद्या लोकेशन ब्लॉकमध्ये दुसरं कुठलंही हेडर आधीपासून असलं, तर बाहेरची सगळी हेडरं तिथे लागू होत नाहीत. मग मुखपृष्ठावर हेडर दिसतं आणि आतल्या पानांवर गायब. ती ओळ आतही पुन्हा लिहावी लागते. न सापडलेल्या पानांवरही नाव जावं असं वाटत असेल तर ओळीच्या शेवटी ‘ऑल्वेज’ (always) हा शब्द जोडा. बदल केल्यावर आधी संरचनेची चाचणी, मगच रीलोड.

तपासायला ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडा, नेटवर्क विभागात पान पुन्हा लोड करा, सर्वांत वरची विनंती निवडून प्रतिसादाची हेडरं वाचा. दिसलं नाही तर कॅश रिकामी करून पुन्हा पाहा. सर्व्हरवर ताबा नसेल तर पानाच्या हेड भागात तेच नाव मेटा टॅगने घालतात. ते खरं हेडर नव्हे, पण भावना पोचते.

तलवारीची गोष्ट खरी आहे का?

खरी. २००९ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाल्यावर सरदाराकडे तलवार हवी म्हणून त्यांनी घराजवळच्या शेतातून सुमारे ८० किलो लोहखनिज खणून काढलं, मित्राच्या मदतीने भट्टीत वितळवलं आणि त्यात उल्केच्या लोखंडाचे तुकडे मिसळले. पातं घडवायला मात्र लोहाराकडे दिलं.

आजारपणातली पुस्तकं कमी दर्जाची आहेत का?

सरसकट नाही. डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांना पोस्टिरियर कॉर्टिकल ॲट्रोफी हा अल्झायमरचा दुर्मीळ प्रकार झाला आहे. यात सुरुवातीला स्मृतीपेक्षा दृष्टीचा अर्थ लावण्याची शक्ती जाते. समोर असलेली कळ दिसत नाही, टंकलेखन जमेनासं होतं. मार्च २००८ मध्ये त्यांनी संशोधनासाठी दहा लाख अमेरिकी डॉलर दिले आणि लिहिणं चालू ठेवलं, पुढे सहायक रॉब विल्किन्स यांना सांगून आणि आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने.

तोंडाने सांगितलेला मजकूर वेगळा वाहतो. ‘स्नफ’ आणि ‘रेझिंग स्टीम’मध्ये पात्रं लांबलचक बोलतात, जे पूर्वी अर्ध्या वाक्यात सुचवलं जायचं ते सगळं सांगतात. हे जाणवतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘आय शाल वेअर मिडनाइट’ याच काळातलं आहे आणि आमच्या मते त्यांच्या उत्तमांत मोडतं. म्हणून ‘रेझिंग स्टीम’ने सुरुवात करू नका, इतकाच सल्ला.

अप्रकाशित डिस्कवर्ल्ड कादंबरी कधी येईल?

येणार नाही. अपुरी हस्तलिखितं असलेली हार्ड डिस्क त्यांच्या इच्छेप्रमाणे २५ ऑगस्ट २०१७ ला ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअरमध्ये ‘लॉर्ड जेरिको’ नावाच्या वाफेच्या रोलरखाली चिरडली गेली. २०२३ मध्ये आलेलं ‘अ स्ट्रोक ऑफ द पेन’ हे टोपणनावाने वृत्तपत्रांत लिहिलेल्या सुरुवातीच्या कथांचं पुस्तक आहे. गोड आहे, पण त्यात डिस्कवर्ल्ड शोधू नका.

चाहत्यांना भेट देण्यासारखी जागा?

इंग्लंडमधलं सॉमरसेट परगण्यातलं विंकॅन्टन. हे गाव २००२ पासून आंख-मोरपोर्कचं जोडगाव आहे आणि तिथल्या दोन नव्या रस्त्यांना कादंबऱ्यांतली नावं आहेत. एकाचं नाव ट्रीकल माइन रोड.

‘द शेफर्ड्स क्राउन’ कधी वाचावं?

सगळ्यांत शेवटी. हे ४१वं पुस्तक त्यांच्या निधनानंतर २०१५ मध्ये आलं. त्याआधी टिफनीची चारही आणि चेटकिणींची निदान ‘विर्ड सिस्टर्स’ ते ‘कार्पे जुगुलम’ एवढी पुस्तकं झालेली असू द्या. सुरुवातीच्या प्रकरणांतच एक निरोप आहे, आणि ती व्यक्ती तुमच्या ओळखीची असेल तरच त्याचं वजन कळेल. नंतरच्या काही प्रकरणांत मजकूर विरळ वाटेल. ते का, हे विल्किन्स यांनी उपसंहारात सांगितलं आहे: गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे, पण प्रॅचेट यांना वेळ मिळाला असता तर त्यांनी त्यावर आणखी हात फिरवला असता. उपसंहार आधी वाचायचा मोह टाळा, त्यात पुस्तकाचा शेवट गृहीत धरलेला आहे.